घाम, लबन आणि अंगठ्याचा सांधा

अबू धाबी बेटावरून पूल ओलांडून मुख्य भूमीवर आलं की मुसफ्फा लागतं. काचेच्या उंच इमारती मागे पडतात आणि फॅब्रिकेशनच्या शेड, गाड्यांची गॅरेजं, गोदामं आणि कामगारांचे कॅम्प सुरू होतात. तिथली माणसं या भागाला 'सनाइया' म्हणतात. खेड, दापोली, महाड, श्रीवर्धनकडच्या घरांमधून माणसं आखातात जायला लागली त्याला आता दोन-तीन पिढ्या झाल्या. कुणी वेल्डर, कुणी फिटर, कुणी ट्रेलरवर ड्रायव्हर. या माणसांच्या गुडघ्यावर, कंबरेवर आणि खांद्यावर गावाकडचं घर चालतं. सांधा धरला की हजेरी बुडते.

आहार आणि सांधेदुखी यांचं नातं समजून घ्यायला मी मुद्दाम मुसफ्फा निवडलं आहे, कारण या नात्यातले जवळजवळ सगळे धागे इथे एका दिवसात सापडतात. पहाटे साखरेचा कडक चहा, दुपारी पंचेचाळीस अंशांचं ऊन, घामाने सुटलेलं पाणी, तहानेला थंड कोला, रात्री उशिरा मेसमधला भात-चिकन किंवा मैद्याचा पराठा, आणि झोपण्याआधी अंग ठणकतंय म्हणून पेनकिलरची गोळी. यातल्या प्रत्येक गोष्टीचं दुखण्याशी काही ना काही देणंघेणं आहे. काहींचं फार आहे, काहींचं लोक समजतात त्याहून कमी आहे.

अन्नामुळे दाह पेटतो याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा गाऊट देतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू होतो. उजाडेपर्यंत सांधा लालभडक, गरम आणि ताणलेला होतो. चादरीचा स्पर्शही सोसत नाही, तिथे सेफ्टी शूज चढवायचे कसे? मार लागलेला नसतो, काही चावलेलं नसतं. 'युरिक अ‍ॅसिड वाढलंय' एवढं बहुतेकांना ठाऊक असतं, पण पुढची हकीकत फारशी कुणी सांगत नाही.

युरिक अ‍ॅसिड हा पेशींच्या केंद्रकातल्या प्युरिन नावाच्या द्रव्यांचा शेवटचा अवशेष. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते आणखी फोडणारं विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी गमावलं. त्यामुळे आपल्या रक्तात ते इतर प्राण्यांपेक्षा जास्त असतं आणि ते बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांना करावं लागतं. शरीराच्या तापमानाला दर डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरेट विरघळलेलं राहू शकतं. त्यापुढे गेलं की ते खडे धरायला लागतं, आणि जिथे ऊब कमी तिथे लवकर धरतं. घट्ट पाक थंड होताना भांड्याच्या कडेला साखर बसावी तसा हा प्रकार आहे. हृदयापासून सर्वांत दूरचा, सर्वांत थंड सांधा पायाच्या अंगठ्याचा. म्हणून पहिला फटका बहुधा तिथे.

पण दुखतं ते खड्यांच्या टोचण्याने नव्हे. हे सुईसारखे स्फटिक सांध्यात कित्येक वर्षं गुपचूप पडून राहू शकतात. कधीतरी पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, आणि पेशीच्या आतली एक धोक्याची यंत्रणा जागी होते. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या गटाने ती दाखवून दिली; तिचं नाव एनएलआरपी३ इन्फ्लमासोम. ती इंटरल्यूकिन-१ हे रसायन सोडते, रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी आणि आणखी पांढऱ्या पेशी सांध्यात घुसतात. लाली, उष्णता, सूज, ठणका या सगळ्याला मिळून दाह म्हणतात. जंतूंशी लढण्यासाठी, जखम भरून काढण्यासाठी शरीराने घडवलेली ही व्यवस्था आहे. ती नसती तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता. गाऊटमध्ये तीच व्यवस्था निर्जीव खड्यांवर तुटून पडते.

आता मुसफ्फातलं हवामान यात घाला. घाम भरपूर गेला आणि तेवढं पाणी पोटात गेलं नाही, तर रक्तातलं युरेट दाट होतं आणि लघवी कमी झाल्याने ते बाहेरही पडत नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या तुहिना नियोगी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली गाऊटच्या रुग्णांच्या झटक्यांची त्या त्या दिवसाच्या हवेशी सांगड घातली, तेव्हा उष्ण आणि कोरड्या दिवसांनंतर झटके अधिक येतात असं दिसलं. झटके रात्री जास्त येतात हेही त्याच रुग्णांच्या नोंदींतून पुढे आलं.

गाऊट झाला की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो: डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो, कारण कॅम्पमधल्या माणसाच्या ताटातली सर्वांत चांगली वस्तू तो काढून घेतो. ह्योन चोई आणि सहकाऱ्यांनी ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. प्युरिन असलेल्या भाज्या आणि कडधान्यांनी मात्र धोका वाढला नाही. दूध-दही, तेही कमी स्निग्धांशाचं, नेमाने घेणाऱ्यांना गाऊट कमी झाला.

आखातात प्रत्येक बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, लबनची बाटली मिळते. लबन म्हणजे आपलं ताकच, थोडं दाट. उन्हातून आलेल्या माणसाने कोल्याच्या डब्याऐवजी ही बाटली उचलली तर पाणी, प्रथिनं आणि थोडे क्षार एकदम पोटात जातात. कमी स्निग्धांशाचं घ्यावं, जमलं तर चिमूटभर मीठ-जिरं घालून.

कोल्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. त्याच चोई यांनी गॅरी करहान यांच्याबरोबर २००८ साली दाखवलं, की दिवसाला दोन किंवा अधिक साखरेची शीतपेयं पिणाऱ्या पुरुषांना गाऊटचा धोका, ती क्वचितच पिणाऱ्यांच्या तुलनेत ८५ टक्क्यांनी जास्त होता. साखरेत मुळी प्युरिन नसतं, मग असं का? साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. ते यकृतात शिरलं की तिथलं विकर त्याच्यावर इतक्या सपाट्याने काम करतं की पेशीचा ऊर्जेचा साठा घटतो, आणि त्या साठ्याच्या मोडतोडीतून युरिक अ‍ॅसिड तयार होतं. ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. शेडच्या बाहेर प्यायल्या जाणाऱ्या कडक चहाचे चार-पाच कप हिशेबात धरले तर आकडा कुठल्या कुठे जातो. संयुक्त अरब अमिरातीने ऑक्टोबर २०१७ पासून शीतपेयांवर ५० टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के कर लावला तो मधुमेह आणि लठ्ठपणाच्या चिंतेने. पण त्याचा फायदा अंगठ्याच्या सांध्यालाही होऊ शकतो.

एवढं असूनही पथ्याने गाऊट बरा होतो असं मी म्हणणार नाही. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक अ‍ॅसिड आपल्याच पेशींच्या झिजेतून येतं, आणि ते किती बाहेर पडायचं हे बहुतांशी मूत्रपिंड आणि आनुवंशिकता ठरवतात. कडक पथ्याने पातळी साधारण एखाद्या मिलिग्रॅमने उतरते. ज्याचा आकडा ७.२ आहे त्याला तेवढं पुरू शकतं. ज्याचा १० आहे त्याला औषध घ्यावंच लागतं.

इथे कोकणी माणसाला एक अवघड प्रश्न पडतो. बांगडा आणि तारली खायची की नाही? या दोन्ही मासळ्या तेलकट, स्वस्त आणि आवडीच्या. त्यांच्यात प्युरिन भरपूर, म्हणून गाऊटवाल्याला जपून खायला सांगतात. त्यांच्यातच ओमेगा-३ स्निग्धाम्लंही भरपूर, आणि ती दाहाच्या दुसऱ्या वाटेवर उपयोगी पडतात.

ती वाट अशी. पेशींच्या आवरणात अ‍ॅराकिडॉनिक आम्ल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. इजा झाली की तो सुटतो आणि सायक्लोऑक्सिजिनेज हे विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिनं बनवतं. हीच रसायनं मज्जातंतूंना हळवं करतात, म्हणून सुजलेल्या जागी साधा धक्काही झोंबतो. अ‍ॅस्पिरिन नेमकं हे विकर रोखतं असं जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ साली त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासह नोबेल मिळालं. मासळीतली ओमेगा-३ आम्लं आवरणात जाऊन अ‍ॅराकिडॉनिक आम्लाची काही जागा पटकावतात. त्यांच्यापासून बनणारी रसायनं तुलनेने सौम्य असतात, आणि काही तर दाह आवरता घ्यायला मदत करतात. संधिवाताभाच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना दिवसाला सुमारे ३ ग्रॅम ओमेगा-३ काही महिने दिल्यावर सकाळचा ताठरपणा आणि वेदनाशामकांची गरज कमी झाल्याचं प्रयोगांत आढळलं आहे. रोजच्या एका बांगड्यातून तेवढा डोस पुरा पडेलच असं नाही. म्हणून मासळीकडे औषध म्हणून न पाहता चांगलं जेवण म्हणून पाहावं. ज्याला गाऊट नाही त्याने आठवड्यातून दोनदा बांगडा जरूर खावा, तोही तिखलं किंवा कालवण करून. तेलात बुडवून तळला की त्याचा गुण कमी आणि तेलाचा भार जास्त. गाऊट असलेल्याने झटक्याच्या दिवसांत मासळी टाळावी, एरवी थोडी खावी.

सूर्यफुलाच्या किंवा सोयाबीनच्या तेलातल्या ओमेगा-६ मुळे अंगात दाह भडकतो असं हल्ली फार ऐकू येतं. माणसांवरच्या प्रयोगांत ते दिसून आलेलं नाही. मेसच्या स्वयंपाकात खरी काळजी तेलाच्या जातीची नसून त्याच्या मापाची आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवण्याची आहे.

मग हळद? गावाहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत घरच्या हळदीची पुडी असते, आणि तिच्याबद्दलचा आपला अभिमान अस्थानी नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं, तेव्हा माशेल गावी जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करवून घेतलं. पण पेटंट जिंकणं वेगळं आणि गुडघा बरा होणं वेगळं. हळदीत कर्क्युमिन असतं सुमारे ३ टक्के. चमचाभर हळदीत ते जेमतेम शंभर मिलिग्रॅम, आणि गुडघेदुखीवरचे प्रयोग झाले ते दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम अर्कावर. त्यात काही फायदा दिसला, पण हे प्रयोग बहुतेक लहान होते. शिवाय पोटातून कर्क्युमिन फार थोडं शोषलं जातं. मिऱ्यातल्या पायपरिनने हे शोषण वाढतं असं बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, आणि त्या आधारावर कॅप्सूलचा मोठा बाजार उभा राहिला. अशा जोरकस कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आता आहेत. आमटीतली हळद खुशाल खावी. कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सांध्यांच्या दृष्टीने हळदीपेक्षा मोठी गोष्ट पोटाचा घेर आहे. आपल्या माणसाला हे पटायला कठीण जातं, कारण तो लठ्ठ दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये दोघांचं एक छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तोच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोटात चरबी, हा आपला भारतीय साचा. ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ ही दाहाची रसायनं झिरपत राहतात, यकृत त्याला प्रतिसाद म्हणून सीआरपी हे प्रथिन बनवतं, आणि सगळ्या अंगात मंद दाह सुरू राहतो. गाऊटसारखा लाल ठणका नाही, नुसती सततची धग. दिवसभर ट्रेलरच्या सीटवर बसणाऱ्या आणि रात्री दहाला पोटभर भात खाऊन झोपणाऱ्या ड्रायव्हरचं पोट दोन-तीन वर्षांत सुटतं, आणि मागोमाग गुडघे बोलायला लागतात.

गुडघ्याचं गणित आणखी सरळ आहे. नॉर्थ कॅरोलायनात स्टीफन मेसियर यांनी मोजलं, तेव्हा १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो असं निघालं. त्यांच्याच २०१३ सालच्या प्रयोगात गुडघ्याची झीज असलेल्या ४५४ लोकांना १८ महिने पाहिलं. आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांची वेदना नुसता व्यायाम केलेल्यांपेक्षा जास्त कमी झाली आणि रक्तातलं इंटरल्यूकिन-६ ही उतरलं. आहाराने सांधेदुखी कमी होते याचा, गाऊट सोडला तर, याहून भक्कम आधार माझ्या पाहण्यात नाही. मेसच्या ताटात याचा अर्थ एवढाच: भाताचा ढीग अर्धा, डाळ दुप्पट, पराठ्याऐवजी चपाती किंवा खुबूस ही अरबी रोटी, शेजारी काकडी-कांदा, आणि जेवण शक्य तितकं लवकर.

अंगदुखीचं प्रत्येक कारण दाह नसतं, हे मात्र विसरू नये. सूर्य आग ओकतो त्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. लोक उन्हाला टाळतात. जे टाळू शकत नाहीत ते डोक्यापासून पायापर्यंत कपड्यात गुंडाळलेले असतात, आणि शेडमध्ये किंवा रात्रपाळीत काम करणाऱ्यांना ऊन दिसतच नाही. कमतरता खोल गेली की हाडं मऊ पडतात, मांड्या आणि नितंबांचे स्नायू दुबळे होतात. उकिडवं बसल्यावर उठवत नाही, कॅम्पच्या वरच्या बंकवर चढताना मांडी साथ देत नाही, पण सूज कुठेच नाही, अशी दुखणी याच जातीची असू शकतात. अन्नातून ड जीवनसत्त्व फार थोडं मिळतं. तपासणी करून गोळ्या घेणं हाच मार्ग. शाकाहारी माणसाने सोबत बी-१२ ही पाहावं. पायाला मुंग्या आणि जळजळ असेल तर नक्कीच.

संधिवाताभाच्या रुग्णांसाठी दोन शब्द. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ साली भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली. प्रौढांपैकी साधारण १८ टक्क्यांना हाडं, सांधे किंवा स्नायू यांचं दुखणं होतं. त्यांत खरा संधिवाताभ असणारे अगदी थोडे, शंभरात एकाहूनही कमी. पण ज्यांना तो असतो त्यांचे सांधे उपचाराविना कायमचे वाकतात. ऑस्लोत १९९१ साली उपवास आणि त्यानंतर शाकाहार असा प्रयोग अशा रुग्णांवर झाला आणि वर्षभर काहींना बरं वाटलं. त्या आधारावर कुणी मेथोट्रेक्सेटसारखं औषध सोडून फलाहारावर जाऊ नये. आहार औषधाच्या जोडीला चालतो, त्याच्या जागी नाही.

आता त्या रात्रीच्या गोळीकडे येतो, कारण सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटते. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन व्हेन यांनी सांगितलेल्याच वाटेने चालतात. प्रोस्टाग्लँडिनं बनू देत नाहीत. पण प्रोस्टाग्लँडिनांना दुसरंही काम आहे. शरीरातलं पाणी कमी होतं आणि रक्तवाहिन्या आखडतात, तेव्हा मूत्रपिंडाकडे जाणारी वाट तीच उघडी धरतात. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाने एखादी गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन, लघवी गडद पिवळी झालेल्या माणसाने रोज रात्री ती घेतली, तर मूत्रपिंडाचं रक्त तुटतं. मध्य अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांत तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि त्यामागे उन्हातली कष्टाची कामं आणि पाण्याची कमतरता यांचा मोठा वाटा असल्याचं मानलं जातं. नेपाळमधल्या डॉक्टरांनी आखातातून परतलेल्या तरुणांबद्दल हीच चिंता मांडली आहे. मूत्रपिंड थकलं की युरिक अ‍ॅसिड आणखी साचतं, गाऊट आणखी उसळतो आणि माणूस आणखी गोळ्या घेतो.

अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्याने बंद असतं. तो वेळ नुसता पडून काढण्याचा नाही, पाणी भरून काढण्याचा आहे. उन्हात काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न पाहता. क्षार नेहमीच्या जेवणातून येतात. पाळी लांबली आणि घाम फार गेला तर मीठ घातलेलं लबन किंवा ओआरएस. लघवी फिकट गवतासारखी राहिली म्हणजे पाणी पुरेसं आहे. अंग मुरगळून दुखतंय, लघवी चहासारखी तपकिरी झाली आहे, अशी वेळ आली तर गोळी न घेता थेट दवाखाना गाठावा. स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण असू शकते.

सुट्टीवर गावी आल्यावर बहुतेकांची तपासणी साखर आणि बीपीवर संपते. सांधे दुखत असतील तर युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व या तीन गोष्टी तिच्यात घालाव्यात. गाऊटचा झटका चालू असताना युरिक अ‍ॅसिडचा आकडा कधी कधी खोटाच नॉर्मल येतो, म्हणून तो ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरेट उतरवणारं औषध सुरू झालं तर पातळी ६ च्या खाली आणून तिथेच राखायची असते. पहिल्या काही महिन्यांत जुने खडे सुटताना झटके वाढू शकतात. डॉक्टर त्यासाठी सोबत कोल्चिसिन देतात. याच काळात 'औषधानेच दुखायला लागलं' म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ असतात. ती बंद करू नये, आणि मुसफ्फाला परतताना पुढच्या महिन्यांचा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बॅगेत असावा.